फोटो काढला, पण समोरच्याला उघडला का? शिष्यवृत्तीच्या अर्जापासून अ‍ॅट्रॉसिटीच्या पुराव्यापर्यंत

शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचा हंगाम आला की नाशिकमध्ये सिडको, सातपूर, नाशिकरोड भागातल्या सायबर कॅफेंत आणि महा-ई-सेवा केंद्रांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. विद्यार्थी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांचे फोटो मोबाईलवर काढून आणतो. केबल लावून फोटो संगणकावर घेतले जातात. फाईल दिसते, पण उघडत नाही. पोर्टलवर टाकली तर लाल अक्षरात इंग्रजी ओळ येते : 'इनव्हॅलिड फाईल फॉरमॅट'. केंद्रवाला म्हणतो, "फोटो खराब आहे, दुसरा काढून आण." मूळ दाखला असतो निफाडला किंवा सिन्नरला, घरच्या पेटीत. मागे रांग असते आणि शेवटची तारीख जवळ आलेली असते.

फोटो खराब नसतो. तो उत्तम असतो, कदाचित गरजेपेक्षा जास्तच उत्तम. अडचण एवढीच असते की तो ज्या स्वरूपात साठवला आहे, ते स्वरूप समोरच्या यंत्रणेला वाचता येत नाही.

हा विषय अनेकांना किरकोळ तांत्रिक वाटेल. पण आज आपल्या समाजातल्या मुलांचे शिक्षण, अत्याचाराच्या खटल्यातला पुरावा आणि चळवळीची आठवण, या तिन्ही गोष्टी मोबाईलमधल्या फोटोंवर उभ्या आहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी तो एकदा नीट समजून घ्यायला हवा.

नेमका प्रकार काय आहे?

आपण ज्याला 'जेपीजी' म्हणतो ते चित्र साठवण्याचे प्रमाण १९९२ पासूनचे. तीस वर्षांहून जास्त काळ जगातला जवळजवळ प्रत्येक संगणक, मोबाईल आणि प्रिंटर ते वाचतो आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयओएस ११ आणले आणि आयफोनचा कॅमेरा 'एचईआयसी' या नव्या स्वरूपात फोटो साठवू लागला. कारण साधे होते. तेवढ्याच दर्जाचा फोटो जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत बसतो. पुढे सॅमसंगसारख्या कंपन्यांनीही आपल्या काही फोनमध्ये ही सोय दिली. तिथे ती 'हाय एफिशिएन्सी पिक्चर्स' अशा नावाने असते आणि सुरू झाल्याचे मालकाला कित्येकदा माहीतही नसते.

मग सगळ्यांनी हे स्वरूप स्वीकारले का नाही? कारण त्यातले चित्र आवळण्याचे तंत्र अनेक कंपन्यांच्या पेटंटखाली आहे आणि ते वापरायचे तर परवान्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणूनच विंडोज १० मध्ये असे फोटो उघडण्यासाठी वेगळी भर घालावी लागते, आणि तिचा एक भाग मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून थोडे पैसे देऊन घ्यावा लागत आला आहे. गुगल क्रोम हा सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझरही हे फोटो थेट दाखवत नाही. नव्या संगणकांवर परिस्थिती सुधारली आहे. पण वस्तीतल्या कॅफेत आणि तालुक्याच्या कार्यालयात नवे संगणक कितीसे असतात?

आयफोन म्हटले की 'हा तर श्रीमंतांचा प्रश्न' अशी प्रतिक्रिया येते. ती आजच्या वास्तवाला धरून नाही. हप्त्यावर घेतलेला, सेकंडहँड किंवा मोठ्या भावाने वापरून दिलेला आयफोन आज वस्तीतही दिसतो. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, तो दोन मिनिटांत फाईल बदलून घेतो. ज्याच्याकडे फक्त फोन आहे आणि बाकी सगळे कॅफेवाल्याच्या भरवशावर, त्याचा अर्ज अडकतो. अडचण यंत्राची असली तरी तिची किंमत परिस्थितीप्रमाणे वेगवेगळी मोजावी लागते.

अमेरिकेतल्या मुलांचेही हेच झाले

मे २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाने 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' या परीक्षा घरूनच घेतल्या. मुलांनी हाताने उत्तर लिहायचे, फोटो काढायचा आणि पाच मिनिटांत अपलोड करायचा. ज्यांच्या आयफोनने एचईआयसी फोटो काढला, त्यांतल्या अनेकांचे पान अपलोड होता होता अडकले आणि वेळ संपली. परीक्षा मंडळाची यंत्रणा जेपीजी आणि पीएनजी घेत होती, एचईआयसी नाही. सूचना आधी दिली होती, असे मंडळाचे म्हणणे होते. पण परीक्षेच्या धावपळीत फाईलचे शेपूट कोण पाहतो?

मुलांनी आणि पालकांनी आवाज उठवल्यावर पुढच्या आठवड्यापासून उत्तर ईमेलने पाठवण्याचा मार्ग खुला झाला. पहिल्या आठवड्यात अडकलेल्यांना मात्र जूनमध्ये पुन्हा परीक्षेला बसावे लागले.

यातून दोन गोष्टी दिसतात. सुबत्ता असलेल्या देशातल्या मुलांनाही हा खड्डा दिसला नाही, म्हणजे हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. आणि तक्रार एकत्र झाली तेव्हा यंत्रणा आठवड्याभरात बदलली. आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थी एकटा परत जातो आणि 'माझाच फोटो खराब होता' असे समजून गप्प बसतो.

नाव बदलले म्हणून स्वरूप बदलत नाही

त्याच अमेरिकन परीक्षेत काही मुलांनी एक युक्ती केली होती. फाईलच्या नावातले 'एचईआयसी' खोडून तिथे 'जेपीजी' लिहिले. आपल्याकडेही घाईत हाच उपाय केला जातो. याने काहीच साधत नाही. बाटलीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतले औषध बदलत नाही.

उलट यात मोठा धोका आहे. काही पोर्टल फक्त नाव तपासतात. ती अशी फाईल स्वीकारतात आणि 'अर्ज यशस्वीरीत्या सादर' असा संदेश देतात. विद्यार्थी निर्धास्त होतो. पुढे छाननी करणारा कर्मचारी फाईल उघडतो तेव्हा त्याच्यासमोर कोरा चौकोन येतो. तो शेरा मारतो : कागदपत्र अस्पष्ट, किंवा कागदपत्र जोडलेले नाही. अर्ज परत येतो तोवर मुदत संपलेली असू शकते. जात वैधता प्रमाणपत्रासारख्या बाबतीत, जिथे प्रवेशाची राखीव जागाच त्या कागदावर अवलंबून असते, ही चूक वर्ष वाया घालवू शकते.

म्हणून सादर करण्याआधी अपलोड केलेली प्रत्येक फाईल पोर्टलवरच 'व्ह्यू' करून पाहावी. आपल्याला दिसली नाही, तर छाननीवाल्यालाही बहुधा दिसणार नाही.

मग करायचे काय?

सर्वात सोपा उपाय फोनमध्येच आहे. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स असे जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. इथून पुढचे फोटो जेपीजीत निघतील. सॅमसंगच्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशिएन्सी' बंद करा. अर्जांच्या दिवसांत एवढे केले तरी निम्मी डोकेदुखी संपते. केबलने फोटो विंडोजच्या संगणकावर घेणार असाल, तर आयफोनच्या फोटो सेटिंगमधले 'ट्रान्स्फर टू मॅक ऑर पीसी' हे 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

आधीच काढलेल्या फोटोंसाठी : आयफोनमध्ये फोटो 'फाईल्स' अ‍ॅपमध्ये सेव्ह करा, त्यावर बोट दाबून धरा, 'क्विक अ‍ॅक्शन्स'मध्ये 'कन्व्हर्ट इमेज' निवडा आणि जेपीईजी घ्या. इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि कागद फोनबाहेर जात नाही. मॅक असेल तर 'प्रिव्ह्यू'मधून 'एक्स्पोर्ट' करता येते.

दाखला किंवा गुणपत्रिका असेल तर फोटोऐवजी स्कॅन करणे अधिक चांगले. आयफोनच्या 'नोट्स'मध्ये आणि अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये ही सोय आहे. कडा सरळ येतात, सावली जाते आणि थेट पीडीएफ तयार होते. पोर्टल पीडीएफ घेत असेल तर स्वरूपाचा प्रश्नच उरत नाही.

फाईलच्या वजनाकडेही लक्ष हवे. मोबाईलचा जेपीजी फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि पोर्टलची मर्यादा असते केबीत. यूपीएससीच्या अर्जात अनेक वर्षे फोटो आणि सही जेपीजीत, २० ते ३०० केबीच्या दरम्यान मागितली जात होती. म्हणजे फाईल जास्त जड चालत नाही, तशी फार हलकीही चालत नाही. आधी सूचना वाचायची, मग फोटोची लांबी-रुंदी कमी करायची. दर्जा एकदम तळाला नेला तर शिक्का आणि अनुक्रमांक वाचता येत नाहीत. जेपीजी दर वेळी नव्याने सेव्ह केला की त्यातला थोडा तपशील जातो, हेही लक्षात ठेवावे. बदल नेहमी मूळ फोटोवरून करावा, बदललेल्या प्रतीवरून नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो पाठवून जेपीजी करून घेण्याची पद्धत रूढ आहे. अर्जाच्या पासपोर्ट फोटोसाठी ती चालून जाते. पण व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करते आणि त्यातली तारीख, वेळ, ठिकाण ही माहिती काढून टाकते. हा मुद्दा पुढे पुराव्याच्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे.

फुकटच्या वेबसाइटपासून सावध

'एचईआयसी टू जेपीजी' असे शोधले की शेकडो फुकट वेबसाइट समोर येतात. कॅफेत बहुतेक वेळा याच वापरल्या जातात. विचार करा, आपण तिथे काय टाकतो? आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, सही. ही चित्रे कुठल्यातरी अनोळखी संगणकावर जातात आणि तिथून पुसली जातात की नाही, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फाईल बदलून देणाऱ्या फुकट वेबसाइटबाबत जाहीर इशारा दिला होता. अशा काही साइट संगणकात घातक प्रोग्राम सोडतात आणि टाकलेल्या फाईलमधली खासगी माहिती खरवडून घेतात, असे त्यात म्हटले होते. फोनमध्येच होणारे काम बाहेर देऊ नका.

पुराव्याचा नियम उलटा आहे

आतापर्यंत अर्जाबद्दल बोललो. तिथे फोटो बदलणे हेच शहाणपण. अत्याचाराच्या घटनेत मात्र मूळ फोटो न बदलणे हे शहाणपण.

गावात मिरवणूक अडवली, घरावर दगडफेक झाली, विहिरीवर मारहाण झाली, तर पहिला पुरावा कुणाच्यातरी मोबाईलमध्ये असतो. आपण काय करतो? तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. तिथून तो शंभर ठिकाणी जातो. चार दिवसांनी फोनची जागा भरली म्हणून मूळ फोटो डिलीट होतो. हातात उरते ती बारीक झालेली, तारीख-वेळ गमावलेली, कुणाची ते न कळणारी प्रत.

न्यायालयात याची किंमत मोजावी लागते, हे सांगणारा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेला आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला झाला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण हा पुरावा होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची तर तिच्यासोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीसह न्यायालयात हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या ताब्यात उपकरण आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे दाद मागता येते.

तेव्हा हे भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ही तरतूद कलम ६३ मध्ये आली. नव्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलची 'हॅश' नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसाच समजा. फाईलमधला एक कण बदलला तरी हा ठसा पूर्ण वेगळा येतो. एचईआयसीचा जेपीजी केला की डोळ्याला चित्र तेच दिसते, पण ठसा बदललेला असतो. फोटोत फेरफार झाला, असे म्हणायला समोरच्या वकिलाला जागा मिळते.

म्हणून कार्यकर्त्यांनी एवढी शिस्त पाळावी. ज्या फोनने फोटो काढला, तो फोन आणि त्यातली मूळ फाईल जपावी. फोन विकू नये, रिसेट करू नये. मूळ फाईलची प्रत जशीच्या तशी पेनड्राइव्हवर घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायची असेल तर 'फोटो' म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे ती बदलत नाही. पोलिसांना किंवा पत्रकारांना लगेच दाखवायला जेपीजी करायचा असेल तर वेगळी प्रत करून द्यावी. कुणी, कधी, कुठे फोटो काढला, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे आणि वकिलाला पहिल्या भेटीतच मूळ फाईल दाखवावी.

एक सावधगिरी आणखी. मूळ फोटोत ठिकाणाची नोंद असू शकते. न्यायालयात ती आपल्या बाजूने बोलते. पण तोच फोटो सोशल मीडियावर टाकला, तर पीडित कुटुंबाचे घर कुठे आहे हे जगाला कळू शकते. सार्वजनिक करायच्या प्रतीतून ठिकाण काढा आणि ओळख उघड होईल असे चेहरे झाका. मूळ प्रतीला हात लावू नका.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ सांगते की, या कायद्याखालच्या गुन्ह्यांशी संबंधित सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रीकरण व्हावे. आपण ती मागणी करतोच. मग ते चित्रीकरण कोणत्या स्वरूपात आहे, कुठे ठेवले आहे आणि आपल्या वकिलाला ते उघडता येते का, हेही विचारायला हवे.

लेण्यांनी शिकवलेली गोष्ट

नाशिककरांना नोंदीचे महत्त्व दुसऱ्याकडून शिकायची गरज नाही. त्रिरश्मी लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, एक हजार दुसरीकडे, व्याजाच्या दरासह. आणि हे सारे निगमसभेत जाहीर करून फलकांवर नोंदवले आहे, असेही तो लेख सांगतो. एकच व्यवहार दोन ठिकाणी, दोन माध्यमांत लिहिला गेला. फलक काळाच्या ओघात गेले. दगड राहिला, म्हणून दान कळले.

पण दगड असूनही शतकानुशतके तो कुणाला वाचता येत नव्हता, कारण ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नव्हते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने तिचा उलगडा केला, तेव्हा ही अक्षरे पुन्हा बोलू लागली. नोंद टिकणे आणि नोंद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाईलच्या स्वरूपाचा प्रश्न नेमका हाच आहे.

आपल्या घरांत १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, १९३५ ची येवल्याची घोषणा, त्यानंतरचे धम्मपरिषदांचे आणि मोर्चांचे दिवस पाहिलेल्या पिढ्यांचे फोटो, पत्रके, पावत्या पडून आहेत. आजची मुले मोबाईलने त्यांचे फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. तिथून ते घासत घासत फिरतात आणि शेवटी कुणाचा फोटो, कुठला फोटो, हे कळत नाही. असे फोटो मोठ्या आकारात काढा, मूळ फाईल ठेवा, जोडीला एक जेपीजी प्रत करा, दोन ठिकाणी साठवा आणि फाईलच्या नावात गाव, वर्ष, प्रसंग लिहा.

मागणी कुणाकडे?

विद्यार्थ्याने शिकावे, हे खरेच. पण सगळा भार त्याच्याच खांद्यावर का? आयफोनवरून थेट अपलोड करताना, पोर्टलने फाईल निवडण्याच्या बटणामागे 'फक्त जेपीजी' एवढी ओळ नीट लिहिली असेल, तर फोन फोटो आपोआप बदलून देतो. संगणकावरून आलेली एचईआयसी फाईल सर्व्हरवरच बदलून घेणारी मुक्त सॉफ्टवेअरही उपलब्ध आहेत. म्हणजे हे अवघड नाही, फक्त कुणाला गरज वाटलेली नाही.

आपल्या मागण्या मोजक्या असाव्यात. महाडीबीटी, आपले सरकार, जात वैधता या सर्व पोर्टलनी एचईआयसी फाईल स्वीकारून स्वतः बदलावी. ते होईपर्यंत नकाराचे कारण आणि उपाय मराठीत स्पष्ट दिसावा. फाईल उघडत नाही एवढ्या कारणावरून अर्ज फेटाळू नये, दुरुस्तीची संधी द्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवांच्या बाबतीत अर्ज फेटाळला, तर लेखी कारण मागण्याचा आणि तीस दिवसांत प्रथम अपील करण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो वापरा. चुकीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट ठेवा, अर्ज क्रमांक लिहा आणि अशा दहा-वीस तक्रारी एकत्र करून नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात द्या. एकट्या विद्यार्थ्याची 'चूक' वीस जणांच्या सह्यांखाली आली की ती यंत्रणेची चूक ठरते.

आणि तोवर? प्रत्येक विहारात अर्जांच्या दिवसांतला एक रविवार यासाठी द्या. एक लॅपटॉप, फोन समजणारी दोन मुले-मुली आणि भिंतीवर एक कागद पुरे : मूळ जपा, प्रत द्या, सादर करण्याआधी उघडून पाहा. त्या एका रविवारी निफाड-सिन्नरच्या चार मुलांचे वर्ष वाचले, तरी तो सत्कारणी लागला.